कचरूनानांचा शेरा

हर्सूलच्या अतुलनं नोकरी सोडून मोबाइलचा गेम बनवला, पण ॲप स्टोअरवरच्या ढिगात तो कुणाला दिसेचना. वडिलांना, कचरूनानांना, राहवेना. त्यांनी गेमखाली लिहिलं, ‘माझ्या पोरानं बनवलाय. मी रोज पहिल्याच खड्ड्यात पडतो. तुम्ही तरी पुढं जा. जय भीम.’

अतुलला लाज वाटली. बापाची! ‘लोक हसतील नाना, पुसा ते.’ नानांनी पुसलं.

तोवर कुणीतरी त्या ओळींचा फोटो सगळीकडं पाठवला होता. खेळणारे धडाधड वाढले आणि जो तो विचारू लागला, ‘खड्ड्यात पडणारे आजोबा कुठं गेले?’

अतुल उत्तर लिहायला बसला. नाना समोरच बसले होते, मोबाइल नाकाशी धरून, अजून पहिल्याच खड्ड्यात पडत.