दाराशी बसणाऱ्या मावशी

रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात पोरी कोडिंग शिकतात. शिकवायला कंपनीत नोकरी करणारी मुलं येतात, फुकट. पण पोरीला धाडण्याआधी घराघरातून एकच प्रश्न येतो: तिथं मोठी बाई कोण असते? वर्ग चालवणारी मी असते, पण ते चालत नाही. माझं लग्न झालेलं नाही, म्हणून मी बायांच्या हिशेबात नाही. पोरगा कुठं जातो हे कुणी विचारत नाही. कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरीला मात्र राखण लागते. याची चीड येते, आणि यायलाच पाहिजे.

एक मावशी मात्र पहिल्या रविवारपासून दाराशी खुर्ची टाकून मेथी निवडत बसायच्या. एखादी पोरगी स्क्रीनकडं बघून हसली की हात थांबवून विचारायच्या, "आलं व्हय गं?" कुणाची तरी आई असतील, असं मी धरून चालले होते.

एकदा खुलताबादहून येणाऱ्या मुलीचे वडील तिला कायमचं न्यायला आले. "इथं तर पोरं शिकवायलेत. बाई कोण हाय?"

"मी हाय की, दादा," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही कुणाच्या आई?"

"कुणाचीच नाय. समोर राहते. पोरी घरी बसू नयेत म्हून मी इथं बसते."

 मग वडील मुलीला म्हणाले, "झालं की फोन कर."

मावशींचं नाव मी अजून विचारलेलं नाही. रविवारी लॅपटॉप मांडायच्या आधी त्यांची खुर्ची मात्र मीच टाकते.