धुणंभांडी लिहा

"मग धुणंभांडी लिहा ना. तुमच्यात करतातच की."

समाजसेवा विभागातल्या मॅडम म्हणाल्या. आवाज चढवून नाही. चहात साखर किती, असं विचारावं इतक्या सहज. एका मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलचा तो तळमजला. गरीब रुग्णांची सवलत तिथे मंजूर व्हायची. माझ्यामागे रांगेत दहा-बारा माणसं. वर तिसऱ्या मजल्यावर माझा नवरा, छातीला वायरी लावलेला. दोन नसा बंद होत्या. डॉक्टर म्हणाले होते, अँजिओप्लास्टी लगेच करावी लागेल.

त्याआधी मॅडमनी माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं होतं. "बापरे! एवढा तर माझा पगार नाही. आणि खाट गरिबांची हवीय?" मागे कोणीतरी हसलं. मी मान खाली घातली. का घातली, हे मी आजही स्वतःला विचारते. चोरी केली नव्हती.

खोटं मात्र लिहिलं होतं.

विश्रांतवाडीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. हिंजवडीला कंपन्या आल्या तशी बायोडेटा छापून घेणाऱ्या पोरापोरींची गर्दी वाढली. रंगीत झेरॉक्सला मागणी आली. मशीनच्या कर्जासाठी बँकेत गेले, तर खऱ्या उत्पन्नावर त्यांनी दारातूनच परत पाठवलं. मग रिटर्न भरून देणारे सल्लागार म्हणाले, "ताई, दोन वर्षं जरा फुगवून भरा. टॅक्स थोडा जाईल, पण कर्ज होईल. आपले सगळे धंदेवाले हेच करतात." खरंच करतात. मोठी माणसं असलेलं उत्पन्न लपवायला सल्लागार ठेवतात. आम्ही नसलेलं दाखवायला ठेवला. न कमावलेल्या पैशावर मी कर भरला. मशीन आलं तेव्हा आळीत पेढे वाटले.

"मॅडम, ते कर्जासाठी फुगवलेलं आहे," मी सांगून टाकलं.

"वा! म्हणजे सरकारला फसवून झालं, आता आमचा नंबर." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "धंदाबिंदा लिहिलात तर फाइल हलणार नाही." आणि मग ते वाक्य.

तुमच्यात. आडनावावरून त्यांनी जात ओळखली आणि तिला कामही नेमून दिलं. माझी आई सदाशिव पेठेत चार घरची धुणंभांडी करायची. त्या कामाची मला कधी लाज वाटली नाही. पण आईने मला एकदाही त्या घरांत सोबत नेलं नाही. "तू टायपिंगला जा," म्हणायची, आणि क्लासची फी स्वतः जाऊन भरायची. तिने जे माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही, ते मॅडम मला माझ्याच हाताने लिहायला सांगत होत्या.

दुसरा रस्ता दिसत नव्हता. भरती करताना काउंटरवरच्या माणसाने पहिला प्रश्न केला होता, "कंपनी कोणती?" ज्यांच्या गळ्यात कंपनीचं कार्ड, त्यांच्यासाठी वेगळी खिडकी, समोर सोफा. त्यांचं बिल विमा भरणार. मी म्हटलं, स्वतःचं दुकान आहे. "म्हणजे कंपनी नाही," असं म्हणत त्याने रकान्यात फुली मारली. आम्ही स्वतःहून विमा काढायला गेलो नव्हतो असं नाही. ह्यांना मधुमेह आहे हे कळल्यावर एजंट पुन्हा फिरकला नाही. आणि इकडे दुकान बंद. नोकरदाराला रजा असते, आम्हाला फक्त कुलूप.

मी लिहिलं. हो, लिहिलं. "मी धुणंभांडी करते. माझा कोणताही व्यवसाय नाही." सुबक, सरळ ओळीत लिहिलं, कारण अर्ज लिहिणं हाच माझा व्यवसाय. सवलत मिळाली. अँजिओप्लास्टी झाली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि स्वतःची किळसही आली.

दोन दिवसांनी वॉर्डात ट्रस्टी आले. सोबत मॅडम आणि एक फोटोग्राफर.

"हे आपले सवलतीचे पेशंट," मॅडम म्हणाल्या. "मिसेस धुणंभांडी करतात. आपल्यामुळेच झालं सगळं." मग ह्यांच्याकडे वळून, "हात जोडा बघू जरा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय लिहून दिलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. दुकानाची पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती, प्रोप्रायटर म्हणून माझं नाव घालून. ओळखीच्या प्रत्येकाला नेऊन ती दाखवली होती. सुई टोचलेला हात उचलून त्यांनी दोन्ही हात जोडले.

माझं डोकं फिरलं.

"अहो, हात खाली घ्या," मी म्हणाले. मग ट्रस्टींना सांगितलं, "मी धुणंभांडी करत नाही. माझं दुकान आहे. तो अर्ज खोटा आहे, आणि तो ह्या मॅडमनी सांगून लिहून घेतलाय."

ट्रस्टींनी घड्याळ पाहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. मॅडम मागे थांबल्या. "सवलत रद्द होईल. कळतंय ना?"

"करा. कुठल्या कारणाने रद्द केली ते लिहून द्या."

"असं लिहून देत नसतात."

हे ऐकलं आणि इतक्या वर्षांचं सगळं एकदम समजलं. आम्ही सगळं लेखी द्यायचं. उत्पन्न लेखी, जात लेखी, लाचारीसुद्धा लेखी. आणि त्यांनी सगळं तोंडी सांगायचं. बँकेने तोंडी घालवलं, एजंटने तोंडी टाळलं, मॅडमचं "तुमच्यात" तोंडीच. उद्या विचारलं तर कोणी काही बोललेलंच नसणार. आणि माझ्या हातची दोन खोटी कागदपत्रं मात्र कायमची त्यांच्या फायलीत. एकात मी होते त्याहून मोठी, एकात होते त्याहून लहान.

सवलत गेली. पूर्ण बिल भरेपर्यंत ह्यांना सोडलं नाही. रंगीत मशीन वारज्याच्या एका दुकानदाराने पडेल भावात उचललं. बँकेचे हप्ते मात्र चालूच राहिले. बायोडेटावाली गिऱ्हाइकं चौकातल्या नव्या दुकानात गेली, ती परत आली नाहीत.

"अगं, डिस्चार्जपर्यंत तरी थांबायचं होतंस," असं हे महिनाभर म्हणत राहिले. त्यांचं चुकत नव्हतं. हिशेबाने पाहिलं तर मूर्खपणाच केला मी. पण ते जोडलेले हात आठवले की अजून अंगाची लाही होते. त्या क्षणी मी थांबू शकले नसते.

आता रिटर्न खरं भरते, जेवढं असेल तेवढं. बँक उभं करत नाही. न करो. दुकानात सवलतीचे अर्ज लिहून घ्यायला बायाबापड्या येतात. भाजी विकणाऱ्या, रिक्षावाल्यांच्या घरच्या, शिवणकाम करणाऱ्या. कोणीतरी त्यांना सांगून पाठवलेलं असतं, "काहीच करत नाही असं लिहा." मी लिहीत नाही. जी भाजी विकते ती भाजी विकते, असंच लिहिते. मग अर्धा दिवस दुकान बंद ठेवून तिच्यासोबत हॉस्पिटलच्या खिडकीपर्यंत जाते.

आतून आवाज येतो, "होणार नाही."

मी कागद पुढे करते. कारण लिहा. खाली नाव, सही, तारीख. कोणी हसतं, कोणी ओरडतं. एकदा वॉचमन बोलावला. काही वेळा काम होतं, बऱ्याच वेळा होत नाही. पण तोंडी नकार घेऊन मी आता कुठल्याही खिडकीवरून हलणार नाही. हाकलायचं असेल तर तेही लिहून द्यावं लागेल.