खुंटीवरचा कोट

आमच्या भाऊजींना दवाखान्यात खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे त्यांना ‘श्वासरोखे’ म्हणतात, आणि नवीन आलेल्या नर्सला ते त्यांचं आडनावच वाटतं. उभा जन्म एक्स-रेच्या खोलीत "श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा" एवढंच बोलण्यात गेला की माणसाचं असं होतं. मी त्याच दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. राहतेही बहिणीकडेच. म्हणजे घरी ते माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा आणि इथे समोरच्या खोलीतले श्वासरोखे, त्यामुळे माझी सुटका कुठेच नाही.

माणूस कामाला चोख, पण ऐकवायची हौस दांडगी. कुणी फोटो काढताना नातेवाइकाजवळ थांबायचा हट्ट धरला की भाऊजींचा पट्टा सुरू. "प्रत्येक पेशीत एक दोरा असतो बाई, दोन पदरांचा. डीएनए म्हणतात त्याला. आपण कसे घडायचे ते सगळं त्यावर. किरण म्हणजे त्याला कात्री. एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्याकडे बघून शिवून घेते. पण दोन्ही तुटले, की टोकं भलत्याच ठिकाणी जुळतात! एका फोटोने काही होत नाही, पण उगीच कशाला? चला, भिंतीमागे."

इथवर ठीक होतं हो. पण ही कात्री ते घरीही घेऊन यायचे. टोस्ट जरा काळा झाला की सुरीने खरवडत बसायचे. शेजारी दाराला रंग लावायला लागले की आमच्या खिडक्या बंद. माझ्या केसांच्या कलपावर तर त्यांचा विशेष राग. "रसायन कात्री नसतं, डिंक असतं. दोऱ्याला जाऊन चिकटतं, मग पेशी त्याची नक्कल काढायला गेली की चुकते. अशा चुका साठल्या की त्यातूनच कॅन्सर." मी म्हणायचे, "भाऊजी, पांढऱ्या केसांनी शंभर वर्षं जगण्यापेक्षा काळ्या केसांनी नव्वद पुरेत मला." त्यावर ताई हसायची. ताई शाळेत गणित शिकवते, ती फार कमी वेळा हसते.

आता माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून नंतर कळलेली गोष्ट आधीच सांगून टाकते. हा दुसऱ्यांच्या टोस्टवर टपलेला माणूस रोज दोनदा मागच्या जिन्यात जाऊन सिगारेट ओढत होता. दोन हिवाळ्यांमागे छातीत कफ झाला तेव्हा ताईसमोर शपथ घेऊन सोडली होती ना, तीच. ताईचं नाक कसलं तिखट! म्हणून साहेबांनी युक्ती काढली. जिन्यात जाताना पांढरा कोट काढून ठेवायचा, म्हणजे त्याला वास लागत नाही. बाहेर टांगला तर लोक विचारणार, कोट इथे मग माणूस कुठे? म्हणून कोट खोलीच्या आतच, छातीचे फोटो काढायच्या स्टँडमागच्या खुंटीवर. आणि भाऊजी जिन्यात असताना त्यांच्याबरोबरची दुसरी टेक्निशियन, बिचारी, एकामागून एक छात्यांचे फोटो काढायची. सगळे किरण पेशंटमधून आरपार जाऊन थेट त्या कोटावर.

तेही चाललं असतं. कोट काय, कोटाला पेशी थोड्याच असतात! पण कोटाच्या खिशाला बॅज होता.

एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला असा एक बॅज लावावा लागतो. अंगावर किती किरण पडले ते तो साठवून ठेवतो. दर तीन महिन्यांनी सगळ्यांचे बॅज मोजायला जातात, आणि सगळ्यांचं जवळजवळ शून्य येतं. या वेळी भाऊजींच्या बॅजवर एवढं आलं की वर्षभराची मर्यादा तीन महिन्यांतच कितीतरी पटींनी ओलांडली होती.

किरणांचे सुरक्षा अधिकारी धावत आले. त्यांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "बॅज कधी काढून ठेवला होता का? कोट कुठे टांगला होता?"

"छे!" भाऊजी म्हणाले. "कायम अंगावर."

खरं बोलले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ताईपर्यंत पोहोचली असती ना! झालं, अधिकाऱ्यांनी त्यांना मशीनपासून दूर केलं आणि रक्ताची तपासणी सांगितली. रक्तातल्या पेशी वाढवून त्यांच्या आत खरंच किती मोडतोड झालीय ते बघतात म्हणे. निकाल यायला तीन आठवडे. तोवर भाऊजी कुठे? तर माझ्या खिडकीवर, माझ्या शेजारच्या खुर्चीत. पहिल्याच दिवशी एका आजीबाईंचं वय विचारायच्या ऐवजी म्हणाले, "श्वास रोखा." आजीबाईंनी खरंच रोखला. शेवटी मीच "सोडा, सोडा" म्हणून ओरडले.

ताईला मात्र कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं कात्री आणि डिंक ऐकूनच तिला सगळं पाठ झालं होतं. ती रडली नाही, की आरडाओरडा केला नाही. त्यांना पाण्याची बादली उचलू देईना. दुपारच्या सुट्टीत शाळेतून मला फोन करायची, "त्यांचा चेहरा कसा दिसतोय?"

"जसा होता तसाच, काही सुधारणा नाही," मी म्हणायचे.

ती हसायची नाही. आणि मुख्य म्हणजे ती त्यांच्यावर ओरडायची बंद झाली. ओला टॉवेल पलंगावर पडलेला असायचा, आणि ती काही न बोलता उचलून वाळत घालायची. माझ्या बहिणीला मी ओळखते. ते बघून माझंच धाबं दणाणलं.

भाऊजींनी खिडकीवर दोनदा माझ्याकडे वळून घसा खाकरला. मी म्हटलं, "काय?" तर म्हणे, "काही नाही." मला वाटलं मरणाच्या भीतीने बोलती बंद झालीय. कसली भीती! याला पक्कं माहीत होतं की याला काही झालेलं नाही.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. प्रयोगशाळेच्या बाई वयाने लहान, पण बोलायला शांत आणि स्पष्ट. त्यांनी पडद्यावर भाऊजींची पेशी मोठी करून दाखवली. आत दोऱ्याचे आखूड तुकडे पसरावेत तशी गुणसूत्रं पडली होती.

"प्रत्येक गुणसूत्राला एकच कंबर असते, ही बघा," बाई म्हणाल्या. "किरणांनी दोन गुणसूत्रं तुटली आणि चुकीची जोडली गेली, तर दोन कमरांचं एक तयार होतं. तेच आम्ही शोधतो. बॅजवर आलंय तेवढं अंगावर पडलं असतं तर अशी बरीच दिसली असती. तुमच्यात हजार पेशींत एक सापडलं, आणि तेवढं कुणातही सापडतं. तुमच्या अंगावर ते किरण पडलेलेच नाहीत."

ताईने खुर्चीचा हात घट्ट धरला होता तो सोडला. माझा जीव भांड्यात पडला. भाऊजी तर उठूनच उभे राहिले, म्हणाले, "चला, निघू या."

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "दुसरी एक गोष्ट दिसतेय. काही गुणसूत्रांच्या एकाच पदराला चिरा आहेत, नेहमीपेक्षा जरा जास्त. या बहुधा किरणांच्या नसतात, रसायनांच्या असतात. घाबरण्यासारखं नाही, पण तुम्ही कशाच्या संपर्कात येता का?"

भाऊजी परत बसले. "डार्करूम," ते म्हणाले. "फिल्म धुवायची रसायनं."

"डार्करूम बंद होऊन तिथे झाडूचं कपाट झालंय, त्याला युग लोटलं," मी म्हटलं.

"मग शेजाऱ्यांचा रंग. आणि हिचा कलप! आता शेजारीच बसते ना ही."

"माझा कलप तुमच्या रक्तात उडी मारून गेला?"

"सिगारेट ओढता का?" बाईंनी सरळ विचारलं.

भाऊजींनी श्वास घेतला आणि रोखला. सोडेचनात.

गणिताच्या बाईंना एवढं पुरेसं होतं. ताईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, तिने प्रयोगशाळेच्या बाईंना विचारलं, "मग बॅजवर आलं ते कुठून?"

"बॅज अंगावर नसणार. किरणांसमोर कुठेतरी टांगलेला असणार."

"कोट कुठे होता?" ताईने विचारलं. हा प्रश्न भाऊजींना होता.

मग आलं सगळं बाहेर. जिना, खुंटी, वास, शपथ. मी ओठ चावून हसू दाबत होते. एवढं सगळं कुणापासून लपवायला, तर तिखट नाकाच्या बायकोपासून, आणि पकडलं कुणी, तर स्वतःच्याच रक्ताने! मी मनात चार महिने पुरतील एवढे टोमणे तयार करून ठेवले. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो, आणि मला वाटलं आता ताई सुरू होणार.

ताईने बाही वर केली. कोपराला चांगलंच खरचटलं होतं, खपली धरलेली.

"हे काय?" भाऊजी म्हणाले. "कुठे पडलीस?"

"शाळेमागच्या मैदानात. तुमची स्कूटर घेऊन," ताई म्हणाली. "शिकत होते. उद्या तुम्हाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोण नेणार म्हणून." तिचा आवाज वर्गात फळ्यासमोर असतो तसाच सपाट होता. "सिगारेटचं तुमचं तुम्ही बघा. पण तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की तुम्हाला काही झालं नाही. आणि तुम्ही मला घाबरू दिलंत."

माझे सगळे टोमणे जागच्या जागी विरले.

भाऊजींनी खिशातून फोन काढला आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना लावला. व्हरांड्यात माणसं होती, तरी मोठ्याने बोलले. "साहेब, कोट स्टँडमागच्या खुंटीवर होता. रोज. मी? मी मागच्या जिन्यात सिगारेट ओढत होतो. नाही, तुम्हाला खोटं सांगितलं. बायकोच्या भीतीने." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो," भाऊजी म्हणाले, "शेजारीच उभी आहे."

फोनमधलं हसणं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. बाकावरचा एक म्हातारासुद्धा हसला. ताई हसली नाही. तिने तोंडावर हात धरला, भिंतीकडे वळली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडायला लागली.