गादीवरचा सत्कार

आमच्या दुकानात कोणी बदली मागितली की साहेब आधी चहा मागवायचे. चहा आला की समजायचं, काम होत नाही. मी पहिल्यांदा बदली मागितली तेव्हा चहा तर मिळालाच, वर त्याच महिन्यात 'उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून सत्कारही झाला. शाल, नारळ आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर फोटो. मी भोळी. वाटलं, आपलं वजन वाढलं, आता बदली होणारच. पुढच्या वेळी मागितली, पुन्हा सत्कार. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाकीच्यांना नारळ दिला की नोकरी जाते, मला नारळ मिळाला की नोकरी आणखी घट्ट व्हायची.

दुकान कापडाचं, अकोल्यात. माझं माहेर तिथलंच, त्यामुळे लग्नाआधीपासून मी साड्यांच्या गादीवर. लग्न होऊन अमरावतीला गेले. नवऱ्याचा फुलांचा धंदा, कधी आहे, कधी नाही. नोकरी सोडायची सोय नव्हती, म्हणून रोजचं अपडाउन सुरू झालं. मूर्तिजापूरला गर्दी उतरली तर बसायला जागा, नाहीतर अकोल्यापर्यंत उभं. मी निघायचे तेव्हा मुलगी झोपलेली असायची, परत यायचे तेव्हाही झोपलेलीच. तिला सासूबाईंनी वाढवलं आणि चांगलं वाढवलं, माझी तक्रार नाही. पण एकदा ती तापानं फणफणली होती, मी मांडीवर घेतलं, तर कुरकुरत उतरली आणि आजीच्या मांडीवर जाऊन निजली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मी गाडीत तोंडावर पदर घेऊन रडले.

त्याच सुमारास दुकानाची नवी शाखा अमरावतीत निघाली, आमच्या घरापासून पायी जाण्याइतकी जवळ. मला तिथं जायचं होतं. बास, एवढंच मागणं होतं.

"साहेब, पोट्टी मले ओळखत नाही हो," मी एकदा स्पष्टच सांगितलं.

साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, तसे वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "मले समजत नाही काय? पण तू गेली तं लग्नसराई मी कोणाच्या भरवशावर काढू? मालक मलेच धरते. दिवाळीनंतर पाहू." दिवाळीनंतर म्हणाले, लग्नसराईनंतर पाहू. माझ्या कोपराला गूळ लावून ठेवला होता, आणि मी आपली जीभ लांब करत बसले होते.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच माझी अडचण. बस्ता बांधावा तर मीच, असं गावोगावच्या लोकांच्या तोंडी बसलं होतं. लग्नाचा बस्ता काढायला दोन्हीकडची मंडळी गाडी भरून येतात, आणि त्यात साड्या विकणं हे सगळ्यात सोपं काम. कोणाचा मान कोणाच्या खाली ठेवायचा, हे खरं काम. विहीणबाईंना आधी विचारायचं, आत्याबाईची साडी मावशीपेक्षा बोटभर तरी वरचढ निघायला हवी, आणि मावशीला ते कळता कामा नये. हे मला जमायचं. हेच मला नडलं.

आमच्या दुकानात ड्रेसच्या कपड्याच्या काउंटरला एक बाई होती, वयानं मोठी. तिचे वडील बाळापूरला रफूचं काम करायचे. आमचा डबा एकत्र. मी तिला आपा म्हणायचे. ती एक दिवस म्हणाली, "तू पागल आहे काय? जो बैल ओढते, त्यालेच रोज जुपतेत. थोडं काम बिगाड ना. मंग पाय, स्वतःच पाठवतेत का नाही."

मला ते पटलं. संधी लवकरच आली. बाळापूरकडचाच मोठा बस्ता होता. मी मुद्दाम आत्याबाई आणि मावशीबाई, दोघींपुढं एकाच किमतीची, एकाच काठाची साडी उलगडली. फक्त रंग वेगळा. आमच्या धंद्यात याच्याइतकी मोठी चूक नाही.

ठिणगी पडायला वेळ लागला नाही. "मी काय मावशीच्या बरोबरीची? मी पोराची आत्या आहे!" आत्याबाई गादीवरून उठल्याच. मावशी फणकारल्या. विहीणबाई म्हणाल्या, "चला, दुसऱ्या दुकानात जाऊ." साहेबांचा चेहरा पांढरा पडला, आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. आता सुटले, असं वाटलं.

तेवढ्यात नवरीकडं लक्ष गेलं. कोपऱ्यात बसली होती, शालूची किनार बोटाला गुंडाळत. तिचे वडील हात जोडून आत्याबाईंच्या मागं मागं दारापर्यंत गेले होते. आमची चूक आणि माफी तो माणूस मागत होता. हे लग्नाच्या आधीच, तर नंतर त्या पोरीचं काय व्हायचं? माझ्यानं बघवेना. मी ओरडले, "आत्याबाई, थांबा! तुमची साडी वेगळीच काढून ठेवली हाये, हे तं मी रंग पाहाले लावला होता." आणि वरच्या फडताळातून एक मोरपंखी साडी खाली ओढली. आत्याबाई परत आल्या, बसल्या. मग चहा झाला, पान झालं, आणि त्या सबंध लग्नसराईतला सगळ्यात मोठा बस्ता आमच्या दुकानात बांधला गेला.

आपानं कपाळावर हात मारून घेतला. "तुया हातून बिगडत बी नाही," म्हणाली.

लग्नसराई संपली. साहेबांनी सगळ्यांना गादीपाशी बोलावलं, माइक घेतला. म्हणाले, "आज एक खास गोष्ट हाये." त्यांनी माझ्याकडं पाहून हसून मान हलवली, आणि दारातून माझा नवरा, सासूबाई आणि मुलगी आत आले. साहेबांनीच फोन करून गुपचूप बोलावलं होतं. माझी खात्रीच पटली. घरच्यांना बोलावलं म्हणजे बदली सांगणार! आपानं माझा दंड दाबला.

मालकीणबाई पुढं आल्या. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली, वर साडी दिली. म्हणाल्या, "आजपासून ही आमच्या घरची लेक." टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, आता अशा लेकीला आम्ही दुसरीकडं कसं पाठवणार? पुन्हा टाळ्या. मी पदरातल्या नारळाकडं बघत होते. उठावं, तर ओटी सांडेल.

साहेबांना आणखी कौतुक सुचलं. त्यांनी मुलीला उचलून घेतलं, माइक तिच्या तोंडापुढं धरला. "सांग बेटा, तुयी आई आमाले देतं का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, जरा विचार केला. "ठेवा तुमच्यापाशी," म्हणाली. "आमच्या घरी आजी आहे."

सगळं दुकान हसलं. साहेब तर डोळे पुसेपर्यंत हसले, म्हणाले, "पाहा, घरूनच परवानगी भेटली!" एक सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. फोटो त्याच क्षणी काढला गेला, आणि तो अजून गल्ल्यामागं लावलेला आहे. त्यात मीही हसते आहे.