डायरेक्ट

९ मार्च. द्राक्षबागेतला जुना, छोटा ट्रॅक्टर चालू करायचा होता. दोन वर्षं तो शेडमध्ये उभाच होता. मी आणि धाकट्या दिरांनी डिझेल बदललं, पाइपांतली हवा काढली. तरी चावी फिरवल्यावर काहीच होईना.

"वहिनी, क्लचचा स्विच गेलाय, डायरेक्ट करतो," भावजी म्हणाले. मोठ्या चाकापुढे उभं राहून त्यांनी स्टार्टरला स्क्रू ड्रायव्हर टेकवून थेट करंट दिला. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता, आणि क्लच दाबल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारा तो स्विच आता मध्ये नव्हता. तो झेपावला, चाक त्यांच्या पायजम्याला घासून गेलं आणि ट्रॅक्टर शेडच्या खांबावर आदळून बंद पडला.

"चालू तर झाला ना!" भावजी हसले.

आमच्याकडे पंप डायरेक्ट, मिक्सर डायरेक्ट. आपल्याला थांबवण्यासाठी मध्ये बसवलेली वस्तू आम्हाला बिघाडच वाटते. संध्याकाळी मी शेडवरून गेले. ट्रॅक्टर गप्प उभा होता. पण तो कसा चालू होतो, हे भावजींनी जेवताना सांगितल्यामुळे आता सगळ्या घराला माहीत होतं.

१० मार्च. भावजी उठायच्या आत मी बॅटरी काढली आणि माझ्या कपाटात कुलूपबंद केली.

"बॅटरी कुठंय, वहिनी?"

"आधी नवा स्विच बसवा," मी म्हणाले आणि पोळ्या लाटायला घेतल्या.