दाराजवळचा रेचा

आमच्या गावच्या जिनात, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यात, कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला रेचा म्हणत. लांबलचक पत्र्याची शेड, तिच्यात रेच्यांच्या दोन ओळी आणि प्रत्येक रेच्यावर एक बाई. आई अगदी दाराजवळच्या रेच्यावर होती, मी तिच्या मागच्या. जिन विलायती कंपनीचा होता, पण कंपनी आम्हाला ओळखत नव्हती. कामावर घेणारा आणि काढणारा मुकादम. मजुरीही त्याच्याच हातून यायची.

दाराजवळची जागा म्हणजे काय, ते आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रेचे सुरू झाले की रुईचे बारीक तंतू उडतात, नाकातोंडात जाऊन बसतात. भिंतीकडच्या बायांच्या भुवया दुपारपर्यंत पांढऱ्या होत. आईला आधीपासून खोकला. दारातून वारा येई म्हणून ती दिवस काढू शकायची. भिंतीकडे तिचा टिकाव लागला नसता, हे तिला, मला आणि मुकादमालाही माहीत होतं.

जागा राखायची बायांची एक रीत होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी जिन बंद व्हायचा. त्या दिवशी प्रत्येक बाई जुन्या लुगड्याची चिंधी आपल्या रेच्याच्या पायाला बांधून जाई. दिवाळीनंतर जिन सुरू झाला की जिची चिंधी, तिचा रेचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मुकादमही मोडत नसे.

छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो. हंगामाच्या पहिल्या दिवशी बॉयलरपुढं नारळ फुटायचा, तेव्हा आई लांब उभी राहू लागली. चिंधी मात्र तिनं बांधलीच. समोरच्या रेच्यावरची म्हातारी चिडवायची, "देव सोडले न् चिंधीले कायले धरून बसली वं?"

"देवानं मले दारापाशी जागा नाही देली," आई म्हणाली. "या चिंधीनं देली."

पुढं साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यात, जिन बंद असताना, मुकादम वस्तीत आला. कंपनीचा गोरा साहेब जिन पाहायला येतोय, म्हणाला. कंपनी नवा पैसा घालणार, नव्या मशिनी येणार, तेव्हा सगळं चकचकीत दिसलं पाहिजे. मजुरी मिळणार नव्हती, आमच्याच पोटाचं काम होतं म्हणे. आम्ही गेलो. राख आणि रॉकेल लावून एकेक रेचा घासला. चिंध्या वाईट दिसतात, सोडा, असंही त्यानं सांगितलं. बाकीच्यांनी सोडल्या. आईनं तिची पायाच्या आतल्या बाजूला सरकवली आणि गाठ पक्की केली.

साहेब मोटारीतून आला. झाडलोट केल्यानं जुनी रुई अजून हवेत तरंगत होती. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि आत पाऊल टाकलंच नाही. दाराजवळ, आईच्या रेच्यापाशी उभा राहिला, त्याच्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि मॅनेजरला काहीतरी म्हणाला. साहेब खूश आहेत, असं मॅनेजरनं आम्हाला सांगितलं. परतताना एक बाई पदर नाकाला लावून साहेबासारखी चालून दाखवत होती. सगळ्या हसत होत्या.

"त्यालेबी दारापाशीच जागा पायजे," आई म्हणाली.

पावसाळा सरल्यावर जिनात ट्रक आले. नव्या मशिनी आल्या समजून आम्ही पाहायला धावलो. ट्रक रिकामे होते. मिस्त्री रेच्यांचे बोल्ट खोलत होता. कंपनी आपला पैसा कापसातून काढून दुसऱ्या धंद्यात घालतेय, हे आम्हाला त्याच्याकडून कळलं. रेचे पांढरकवड्याच्या पुढं, हैद्राबादेकडच्या कोण्या शेठला विकले होते. साहेब किंमत ठरवायला आला होता. माल स्वच्छ होता म्हणून भाव चांगला आला, असं मिस्त्री सहज बोलून गेला. मुकादम भिंतीला टेकून बसला होता. त्याचंही काम गेलं होतं.

ट्रक भरायला माणसं कमी होती. त्या दिवसाची मजुरी मिळेल म्हणाले, म्हणून आम्हीच हात लावला.

आईचा रेचा शेवटी निघाला. फळीवरून चढवताना तो कलला आणि पायाची चिंधी दिसली. मी सोडायला हात पुढं केला. आईनं तो धरला. मग ती ट्रकच्या पुढं गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, तिकडच्या लोकायले सांगजा. याले दारापाशीच लावजा म्हना."

ड्रायव्हर हसायला लागला होता. तिच्याकडं पाहून थांबला. "सांगतो मावशी," म्हणाला.

त्या हंगामात आम्ही दोघी एका व्यापाऱ्याच्या जिनात लागलो. तिथं दाराजवळच्या जागा जुन्या बायांच्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. आईला भिंतीकडचा रेचा मिळाला. तिनं तक्रार केली नाही. पदर तोंडाला गुंडाळून उभी राहायची, धाप लागली की खाली बसायची, पुन्हा उठायची. थंडी सरायच्या आत ती गेली. तिच्या रेच्यावर तिथल्या मुकादमानं मला उभं केलं.

हंगाम संपला त्या दिवशी बाया चिंध्या बांधत होत्या. आईच्या लुगड्याची चिंधी मी घरून फाडून आणली होती. भिंतीकडच्या त्या रेच्याला ती बांधली नाही, तशीच मुठीत धरून परत आले.