वेल्क्रोवरचे दोन टाके

माझं दुकान सात रस्त्याजवळ आहे. शाळेची दप्तरं, प्रवासी बॅगा, गणवेश. माझ्याकडची बॅग उसवून परत आली असं सहसा होत नाही, आणि झालंच तर मी दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. स्वभाव आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

माझी भाची करमाळ्याची. नोकरीसाठी परदेशात गेली आणि तिथं विमानातून उड्या मारायला लागली, त्याही पायाला फळी बांधून. पॅराशूट उघडेपर्यंत त्या फळीवर उभं राहून हवेत घसरायचं, गिरक्या घ्यायच्या. याला स्कायसर्फिंग म्हणतात. केबल टीव्ही नवा होता तेव्हा मी हा प्रकार एका जाहिरातीत पाहिला होता आणि ‘रिकामटेकडे लेकाचे’ म्हणत चॅनल बदललं होतं. तेव्हा त्याची मोठी हवा होती, स्पर्धा व्हायच्या. आता करणारे फार थोडे उरलेत म्हणे. भाचीला शिकवणाराच साठी ओलांडलेला आहे.

“एक मोठा अपघात झाला ना मामा, तर उरलेलेबी सोडतील,” ती म्हणायची. “मग हा खेळ फक्त जुन्या व्हिडिओत.”

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा तिनं त्या फळीचे पट्टे आणले होते. कमरेजवळ एक हँडल असतं. ते ओढलं की दोन्ही पाय एकदम मोकळे होतात आणि फळी सुटून पडते. हँडल जागेवर धरून ठेवणारं वेल्क्रो झिजलं होतं.

“फळी कधीकधी गरागरा फिरायला लागती,” तिनं मला समजावलं. “तशात पॅराशूट उघडलं तर दोऱ्यांचा गुंता होतो. म्हणून आधी फळी सोडायची. हे एका हिसक्यात निघालं पायजे. तुमी फक्त वेल्क्रो बदला, बाकी कायबी करू नका.”

मी वेल्क्रो बदललं. ओढून पाहिलं तर लगेच निघालं, आणि तेच मला खटकलं. आमच्या धंद्यात ओढल्यावर सुटतं त्याची तक्रार येते. शेजारी आमच्या अक्का हातशिलाई करत होत्या. घरी तेलुगू बोलणाऱ्या, वीस वर्षं माझ्याकडं कामाला असलेल्या. त्या म्हणाल्या, “ती म्हणाली तेवढंच करा, भाऊ.”

“आणि हवेत आपोआप सुटलं म्हणजे?” मी म्हणालो. काळ्या वेल्क्रोवर काळ्या दोऱ्यानं दोन टाके घातले, दिसूही नयेत असे. त्या टाक्यांचा मला अभिमान वाटला, हे लिहिताना लाज वाटते.

काही आठवड्यांनी दुपारी तिचा फोन आला. विमानात चढण्याआधी ती दरवेळी जमिनीवरच हँडल ओढून बघते. त्या दिवशी ते निघालंच नाही. दोन्ही हातांनी ओढलं तरी नाही.

“मामा, इथं दोन टाके हायेत. कुणी घातले?”

मी म्हणालो, “अक्कांनी घातले असतील. मी काय बघितलं न्हाय.”

अक्का माझ्यापासून चार हात अंतरावर बसल्या होत्या. त्यांची सुई थांबली, मग पुन्हा चालू झाली. संध्याकाळी नेहमीसारखं आवरून त्या घरी गेल्या, दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आल्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भाची तिकडं, अक्का इकडं, कुणाचं काय बिघडलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढच्या दिवाळीला त्यांना नेहमीपेक्षा भारी साडी दिली. त्यांनी ती घेतली आणि पिशवीत ठेवली. मी ती कधी त्यांच्या अंगावर पाहिली नाही.

यंदा भाची पुन्हा आली. दुकानात शिरली ती थेट अक्कांशेजारी जमिनीवर बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

“अक्का, माझा राग न्हाय. तुमी चांगल्यासाठीच केलं, मला ठाऊक हाय. पण मी ते वर हवेत ओढलं असतं आणि निघालं नसतं, तर मी मेले असते.”

मी कापडाच्या टेबलाशी उभा होतो. अक्कांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता. मी काही बोलतोय का, एवढंच त्या बघत होत्या. मी मोजून झालेलं कापड पुन्हा मोजायला घेतलं.

“हां ताई,” अक्का म्हणाल्या. “चुकलं माझं.”

तेव्हा बोलायला हवं होतं. दोघी समोर होत्या, गिऱ्हाईक एकही नव्हतं, दुसरी कसलीही अडचण नव्हती. मी भित्रा आहे, एवढंच कारण.

भाचीनं पिशवीतून तेच हँडल काढलं. हल्ली ती दोनदा ओढून बघते, त्यामुळं वेल्क्रो पुन्हा झिजलं होतं. अक्कांना ओलांडून ती माझ्यापाशी आली आणि हँडल माझ्या हातात ठेवलं.

“हे तुमीच करा, मामा. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.”

ती शेजारच्या दुकानात गेल्यावर मी मशीनवर बसलो. दोरा सुईत जाईना. अक्का उठल्या, माझ्या हातातून दोरा घेतला, एका झटक्यात ओवला.

“ती म्हणाली तेवढंच करा, भाऊ,” त्या म्हणाल्या, आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.